रिकाम्या कबरस्तानाची राखण

वाचकहो, कबरस्तान म्हटले की आपल्या मनात दोन भाव एकाच वेळी उभे राहतात. एक आदराचा आणि दुसरा टाळाटाळीचा. शब-ए-बरातच्या रात्री आपण तेथे जातो, फातिहा पढतो, उदबत्त्या लावतो आणि घरी परततो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तेथे गवत वाढते, भिंतीचा एखादा दगड निखळतो, एखादी जुनी तुर्बत खचते. याकडे लक्ष द्यावे असे प्रत्येकाला वाटते, पण ते दुसऱ्या कोणीतरी द्यावे असेही वाटते. अशा परिस्थितीत, जेथे आज एकही मय्यत विसावलेली नाही असे एक रिकामे कबरस्तान काही लोकांनी वर्षानुवर्षे खपून पुन्हा उभे केले, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. ही गोष्ट इंग्लंडमधील वोकिंग या गावाची आहे. पण त्या कबरस्तानात ज्यांना मूठमाती मिळाली ते बहुतांशी आपल्याच उपखंडातील जवान होते. म्हणून ती आपलीही गोष्ट आहे.

वोकिंग हे लंडनच्या नैर्ऋत्येस असलेले रेल्वेवरचे गाव. तेथे १८८९ साली एक सुबक मशीद उभी राहिली. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य राहिलेले डॉ. लाइटनर हे पौर्वात्य भाषांचे जाणकार. त्यांनी निवृत्तीनंतर वोकिंग येथे पौर्वात्य विद्यांची एक संस्था काढली आणि तिच्या आवारात मशीद बांधण्याचे मनावर घेतले. या कामी मोठा आर्थिक हात दिला तो भोपाळच्या शाहजहाँ बेगम यांनी. त्यांचेच नाव मशिदीस मिळाले. मशीद म्हणूनच खास बांधली गेलेली ब्रिटनमधील ही पहिली वास्तू मानली जाते. १८९९ साली लाइटनर वारले आणि मशिदीचे दार बंद झाले. पुढे १९१२-१३ च्या सुमारास ते पुन्हा उघडले, नमाज सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत पहिले महायुद्ध पेटले.

या युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे कामास लागली. त्यांपैकी एक लाखाहून अधिक फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर गेली. १९१४ च्या सप्टेंबरअखेर आपले जवान मार्सेल्स बंदरात उतरले. अंगावर उन्हाळी देशातले कपडे आणि समोर युरोपचा हिवाळा अशी त्यांची अवस्था होती. ऑक्टोबरअखेर ते खंदकांत होते. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममधील होलेबेके येथे १२९ व्या बलुची पलटणीचे शिपाई खुदादाद खान यांनी, मशीनगन तुकडीतील सर्व सोबती पडल्यावरही, जखमी अवस्थेत मशीनगन चालू ठेवली. हिंदी सैन्यातील शिपायास मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस तो हाच. पुढच्या मार्च महिन्यात न्यूव्ह शापेलची लढाई झाली आणि जखमींची रीघ लागली.

जखमींना समुद्र ओलांडून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आणले जाई. ब्रायटन शहरात राजघराण्याचा एक जुना महाल होता. त्याचे घुमट आणि मिनार पाहिले तर तो कोणा नबाबाचा वाटावा. या रॉयल पॅव्हिलियनचे रुग्णालय झाले. शाळा आणि गरीबखान्याच्या (वर्कहाउसच्या) इमारतीही कामी लावण्यात आल्या. महालाच्या आवारात निरनिराळ्या धर्मांच्या व जातींच्या जवानांसाठी नऊ स्वयंपाकघरे होती आणि हिंदूंसाठी वेगळे व मुसलमानांसाठी वेगळे पाणी ठेवलेले असे. या रुग्णालयाची माहिती इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत छापून एक सचित्र पुस्तिकाही काढण्यात आली. म्हणजे एका अर्थी तीही स्मरणिकाच. मात्र त्याच शहरातील दुसऱ्या एका रुग्णालयात बऱ्या होत असलेल्या जवानांना कुंपणाबाहेर पडण्यास कडक बंदी होती, हे त्या पुस्तिकेत नव्हते. सरकारचा पाहुणचार आणि सरकारचा संशय हे दोन्ही आपल्या जवानांच्या वाट्याला एकाच वेळी आले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मूठमातीचा प्रश्न

जखमींपैकी सर्वच वाचले नाहीत. ब्रायटनमध्ये जे हिंदू आणि शीख जवान मृत्यू पावले त्यांचे दहन शहराबाहेर पॅचम गावाजवळच्या टेकडीवर होई. असे त्रेपन्न दहनसंस्कार तेथे झाले. मुसलमान जवानांचे काय करायचे, हा प्रश्न होता. जवळची मशीद एकच, ती चाळीसेक मैलांवर, वोकिंगला. मय्यत तेथे नेण्यात येई आणि इमामांच्या मागे जनाज्याची नमाज होई. पण दफनासाठी मानाची आणि बंदिस्त अशी जागा सुरुवातीस नव्हती.

त्या वेळी वोकिंगचे इमाम मौलवी सद्रुद्दीन होते. त्यांनी युद्धखात्याकडे ही गोष्ट लावून धरली. सरकारनेही ती कानांआड केली नाही, आणि त्यामागचे कारण केवळ धर्मादर नव्हते. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानांनी जिहादचा पुकारा केला होता. एकीकडे ज्यांचे मीठ खाल्ले ते सरकार आणि दुसरीकडे खलीफा, अशा पेचात मुसलमान शिपाई सापडला होता. त्यातच जर्मनीच्या प्रचारयंत्रणेने अशी आवई उठवली की इंग्लंडात मुसलमान जवानांना इस्लामी विधींप्रमाणे दफन केले जात नाही. ही बातमी पंजाबच्या खेड्यांत पोचली तर भरतीवर परिणाम होईल, हे सरकारला कळत होते. म्हणून मशिदीपासून सुमारे अर्ध्या मैलावर हॉर्सेल कॉमन नावाच्या माळरानाच्या कडेला जागा घेण्यात आली.

वाचकांपैकी ज्यांनी एच. जी. वेल्स यांची १८९८ साली प्रसिद्ध झालेली मंगळावरील स्वारीची कादंबरी वाचली असेल, त्यांना हे माळरान ओळखीचे वाटेल. मंगळावरचे पहिले यान उतरते ते याच हॉर्सेल कॉमनवर. कल्पनेतले परके जेथे उतरले, तेथेच वीस वर्षांच्या आत हजारो मैलांवरून आलेली ही खरीखुरी माणसे जमिनीच्या पोटात विसावली.

या दफनभूमीचा आराखडा इंडिया ऑफिसचे वास्तुतज्ज्ञ टी. हर्बर्ट विनी यांनी केला. भोवती नक्षीदार विटांची भिंत, प्रवेशाला घुमटाची कमान, कोपऱ्यांवर लहान मिनार, अशी मशिदीशी नाते सांगणारी तिची ठेवण. दफन १९१५ पासून होऊ लागले, बांधकाम पुरे होण्यास १९१७ उजाडले. दुसऱ्या महायुद्धातही येथे काहींना दफन करण्यात आले. एकूण सत्तावीस जणांना या जागेत मूठमाती मिळाली.

सत्तावीस हा आकडा लहान आहे. फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथे १९२७ साली जे स्मारक उघडले, त्यावर कबर न सापडलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी जवानांची नावे आहेत. त्या मानाने वोकिंगचे सत्तावीस भाग्यवान म्हणावे लागतील. त्यांना नाव होते, जागा होती आणि नमाज पढणारे कोणीतरी होते. पण त्यांच्या कबरीवर येऊन दुवा मागणारे आई-बाप, बायको-मुले नव्हती. ती सातासमुद्रांपलीकडे होती आणि त्यांतील बहुतेकांना ती जागा आयुष्यात कधी दिसणार नव्हती.

उपेक्षेची वर्षे

कबरस्तान टिकते ते भिंतींमुळे नव्हे, येणाऱ्या-जाणाऱ्या पावलांमुळे. वोकिंगच्या या जागेला पावलेच नव्हती. भोवती झाडी वाढली, वस्ती दूर राहिली. उनाड लोकांची तोडफोड सुरू झाली. अखेर १९६८ च्या सुमारास येथील मय्यती उकरून काही मैलांवरील ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत नेण्यात आल्या. तेथे त्यांची नीट देखभाल होत आहे. पण मूळ जागा रिकामी झाली.

ब्रुकवुडचे नाव आले आहे तर दोन शब्द त्याविषयी. १८५४ साली सुरू झालेल्या या अफाट दफनभूमीत मुसलमानांसाठीही पूर्वीपासून वेगळा भाग आहे. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक म्हणून १९२० ते १९२४ या काळात मुंबईत राहिलेले आणि पुढे कुराणाचा इंग्रजी तर्जुमा करणारे मार्माड्यूक पिक्थॉल १९३६ साली तेथे दफन झाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले अब्दुल्ला यूसुफ अली हेही तेथेच आहेत. त्यांचा कुराणाचा इंग्रजी तर्जुमा आज जगभर घरोघरी आहे, पण १९५३ च्या डिसेंबरात लंडनमध्ये ते निराधार अवस्थेत मृत्यू पावले. ज्याचे पुस्तक लाखो हातांत, त्याच्या अखेरच्या दिवसांत हात धरायला कोणी नाही! विस्मृती फक्त अनाम शिपायांच्याच वाट्याला येते असे नाही.

असो. रिकाम्या झालेल्या जागेची कथा पुढे व्हायची तीच झाली. छतावर आणि भिंतींत रोपे उगवली, पाणी मुरले, थंडीत ते गोठले आणि विटा फुटल्या. १९८४ साली सरकारदरबारी संरक्षित वास्तूंच्या यादीत तिची नोंद झाली खरी, पण नोंद म्हणजे दुरुस्ती नव्हे. कागदावर जपलेली वास्तू जमिनीवर ढासळत राहिली आणि पुढे तिचा समावेश धोक्यातील वारशाच्या यादीत करावा लागला.

ज्यांनी हात घातला

आता महत्त्वाचा भाग. हे कबरस्तान सावरले कोणी? पुढाकार घेतला तो हॉर्सेल कॉमन प्रिझर्वेशन सोसायटी या स्थानिक संस्थेने. ही संस्था मुसलमानांची नव्हे. माळरान राखावे, पायवाटा मोकळ्या ठेवाव्यात, झाडे-पाखरे जपावीत, यासाठी गावकऱ्यांनी काढलेली ती संस्था. पण ही भिंत आपल्या माळरानावर उभी आहे, म्हणून तिची लाजही आपलीच, असे त्यांनी मानले. त्यांना वोकिंगच्या नगरपालिकेची आणि ऐतिहासिक वास्तूंची काळजी वाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची साथ मिळाली. शाहजहाँ मशिदीशी संबंधित मंडळीही सहभागी झाली.

सगळे काम एका दमात करण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. २०११ च्या सुमारास काम सुरू झाले ते टप्प्याटप्प्याने. आधी ढासळती भिंत आणि प्रवेशाची घुमटाची कमान, आणि मग आतील मोकळी जागा. वास्तू उभी राहिल्यावर खरा प्रश्न पुढे आला. आत काय करायचे? कबरी तर नाहीत. खोटे दगड बसवून कबरस्तानाचा देखावा करायचा का? त्यांनी तसे केले नाही. त्यांनी तेथे बाग केली. इस्लामी बागांच्या रीतीने मधोमध पाण्याची लांब पट्टी, सत्तावीस नावे कोरलेली स्मारकशिला आणि सत्तावीस झाडे. नोव्हेंबर २०१५ मध्ये, म्हणजे पहिल्या दफनांना शंभर वर्षे झाली तेव्हा, ही शांतिबाग लोकांसाठी खुली झाली.

झाडांची निवड पाहण्यासारखी आहे. ती हिमालयातील पांढऱ्या सालीच्या बर्च जातीची आहेत. बर्च म्हणजे आपला भूर्जवृक्ष. ज्याच्या सालीवर, भूर्जपत्रावर, आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे ग्रंथ लिहिले, तेच हे झाड. या जवानांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. रुग्णालयातून घरी पत्र पाठवायचे तर ते दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे. ते पत्र मग लष्करी तपासनीस वाचत, भाषांतरित उतारे काढत, आणि गावी पोचल्यावर ते घरच्यांना दुसराच कोणी वाचून दाखवी. नवऱ्याने बायकोला लिहिलेल्या दोन ओळी चार परक्यांच्या डोळ्यांखालून जात. त्या तपासनिसांनी काढलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि हे शिपाई काय विचार करीत होते हे आपणांस कळते ते त्यांच्यामुळेच. ज्यांना स्वतःच्या हाताने अक्षर काढता आले नाही, त्यांच्या नावाने लिहिण्याची झाडे लावली गेली. हा योगायोग असेल, पण शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत त्याची नोंद व्हावी एवढा तो बोलका आहे.

तिकडे पॅचमच्या टेकडीवर, जेथे हिंदू आणि शीख जवानांचे दहन झाले, तेथे १९२१ साली पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारण्यात आली. काळाच्या ओघात तिचीही आबाळ झाली. तीही पुढे सावरली गेली, तेथे दर वर्षी मानवंदनेचा कार्यक्रम होऊ लागला आणि २०१० साली त्रेपन्न जणांची नावे दगडात कोरली गेली. एकाच खंदकात शेजारी शेजारी लढलेल्यांपैकी एकाला माती मिळाली, दुसऱ्याला अग्नी. विस्मृती मात्र दोघांना सारखीच मिळाली, आणि आठवणही सारख्याच कष्टाने परत आणावी लागली.

मग आपण?

येथे कोणी विचारील की परक्यांच्या युद्धात, परक्या राजासाठी मेलेल्यांचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. त्या युद्धाचे कौतुक करण्याचे आपणांस कारण नाही. ज्या सरकारने ही दफनभूमी बांधली त्याने ती स्वतःच्या सोयीसाठीही बांधली, हे वर सांगितलेच आहे. पण कबर सांभाळणे म्हणजे युद्धाला होकार देणे नव्हे. एक माणूस होता, त्याला नाव होते, तो घरी परत गेला नाही, एवढीच साक्ष कबर देते. ही साक्ष पुसू न देणे हे जिवंतांचे काम आहे.

आपल्या कोकणाचे तर या युद्धाशी वेगळेच नाते आहे. आपल्या खाड्यांच्या काठावरील कित्येक घरांतून माणसे बोटींवर खलाशी म्हणून गेली. मुंबईत मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होमच्या वास्तूत पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. समुद्राखेरीज दुसरी कबर न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती तेथे जपली आहे. आपल्यापैकी किती जणांनी ते स्मारक पाहिले आहे? किती घरांत आज पणजोबांच्या बोटीचे नाव ठाऊक आहे?

आणि आपली स्वतःची कबरस्ताने? मोठ्या वास्तूंकडे कोणीतरी पाहते. खुलताबादेत १६२६ साली मृत्यू पावलेल्या मलिक अंबरचा मकबरा आहे, मुरूडजवळ खोकरी येथे जंजिऱ्याच्या सिद्दींचे दगडी घुमट आहेत. तेथे प्रवासी जातात, छायाचित्रे निघतात. पण गावोगावच्या कबरस्तानांत जुन्या शिक्षकांच्या, तांडेलांच्या, व्यापाऱ्यांच्या, पहिल्या मदरशाच्या उस्तादांच्या ज्या कबरी आहेत, त्यांची नोंद कोणाकडे आहे? एक पिढी गेली की ‘ही कबर कोणाची’ या प्रश्नाला उत्तर देणारा राहत नाही.

वोकिंगच्या गोष्टीतून घेण्यासारखे धडे साधे आहेत. पहिला म्हणजे हात लावण्यापूर्वी नोंद करावी. कोणती कबर कोठे, शिलालेखावर काय लिहिले आहे, कोण्या वृद्धाला काय आठवते, हे एका वहीत उतरवावे आणि छायाचित्रे घ्यावीत. आपल्या हायस्कुलातील विद्यार्थी एका सुटीत हे काम करू शकतील. दुसरा म्हणजे उत्साहाच्या भरात जुन्या चुन्याच्या कामावर सिमेंट थापू नये, कोरीव अक्षरांवर रंग फासू नये. चुन्याची भिंत श्वास घेते. सिमेंटने ती कोंडली की ओल आत अडकते आणि वीट आतून फुटते. तिसरा म्हणजे झाडे उपटताना विचार करावा. तुर्बतीत घुसलेले पिंपळाचे मूळ ओढून काढले की दगडही बरोबर निघतो. ते कापून, सुकू देऊन, जाणत्याच्या सल्ल्याने काढावे. चौथा म्हणजे जागेचे कागद पाहावेत. कबरस्तानाचा सातबारा, नकाशा आणि हद्दी कोणत्या, हे जमातीच्या दप्तरात असलेच पाहिजे. भिंत पडल्यावर हद्द शोधायला निघणे व्यर्थ आहे. आणि शेवटचा धडा म्हणजे शेजाऱ्यांना बोलवावे. वोकिंगला माळरान राखणाऱ्यांनी मशीदवाल्यांचा वारसा आपला मानला. आपल्या गावातही कबरस्तानाच्या बांधाला लागून ज्यांचे शेत आहे, त्यांना आपण कधी विचारले आहे का? विचारल्यावर नाही म्हणणारे फार थोडे निघतील.

या सर्वांना पैसा लागतो, पण आधी पैसा लागत नाही. आधी लागते ते कोणीतरी तेथे नियमाने जाणे. महिन्यातून एक जुमा नमाजनंतर तासभर दहा माणसे खुरपी-कोयते घेऊन गेली तर वर्षाच्या आत त्या जागेचे रूप पालटेल.

शिक्षण म्हणजे परीक्षा आणि नोकरी एवढेच असते, तर कबरस्तानाचा विषय या अंकात येण्याचे कारण नव्हते. आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत हे ज्याला सांगता येते, तो शिकलेला. वोकिंगच्या बागेत आज एकही कबर नाही, तरी भूर्जाची सत्तावीस झाडे आणि सत्तावीस नावे तेथे आहेत. आपल्या कबरस्तानांत कबरी आहेत, पण नावे पुसत चालली आहेत. तेव्हा वाचकहो, पुढच्या शब-ए-बरातला आपण कबरस्तानात जाल तेव्हा उदबत्तीबरोबर एक वही आणि पेन्सिलही घेऊन जा. जेवढी नावे वाचता येतील तेवढी लिहून आणा. वाचता येत नसतील तर जवळच्या वृद्धाला विचारा. पुढच्या वर्षी कदाचित तोही नसेल.